रांग किती मोठी, यापेक्षा ती कशी चालते ते पाहा

सुट्ट्या जवळ आल्या की मंडळाच्या सभासदांत फिरायला जाण्याच्या गोष्टी सुरू होतात. कोणी नागपूरकडच्या वॉटर पार्कचे नाव काढतो. ज्यांची मुले पुण्या-मुंबईला नोकरीला आहेत, ते खोपोलीच्या इमॅजिकाचे काढतात. परत आलेल्यांना 'कसे झाले?' असे विचारले, तर पहिले उत्तर बहुधा राइडबद्दल नसते. 'दिवसभर रांगेतच उभे होतो' किंवा 'गर्दी होती, पण नंबर पटापट लागला' असे ते असते. तिकीट तेच, राइडही तीच. दिवस कसा गेला हे मात्र रांगेने ठरवलेले असते.

आम्ही नोकरीची सगळी वर्षे बँकेच्या काउंटरच्या आतून रांगा पाहिल्या. निवृत्तीनंतर नातवंडांचा हात धरून त्याच रांगा बाहेरून पाहत आहोत. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर एक गोष्ट पटली आहे. लांब रांगेने माणूस जितका कंटाळतो, त्यापेक्षा जास्त तो अनिश्चित आणि अन्यायी रांगेने कंटाळतो. सहलीला निघण्यापूर्वी हे सर्वांना ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

मंडईतला पाळणा

सुरुवात आपल्या ओळखीच्या गोष्टीपासून करू. दिवाळीनंतर आपल्या भागात गावोगावी मंडई भरते आणि तिच्यात आकाशपाळणा असतोच. बारा पाळण्यांचा झुला धरा. तो एका वेळी एकच पाळणा खाली आणू शकतो. जुनी माणसे उतरणार, नवी बसणार, दांडा लागणार, मग झुला थोडा फिरून पुढचा पाळणा खाली येणार. एका पाळण्याला अर्धा मिनिट लागला तरी बारा पाळण्यांना सहा मिनिटे लागतात. फिरण्याचा खरा खेळ कदाचित चार-पाच मिनिटांचाच असतो. म्हणजे झुल्याचा निम्म्याहून अधिक वेळ माणसे चढवण्या-उतरवण्यात जातो.

आणखी एक गोष्ट तुम्ही पाहिली असेल. झुलेवाला ओळीने पाळणे भरत नाही. एक भरला की समोरच्या बाजूचा भरतो. लोकांना वाटते तो ओळखीच्यांना आधी घेतो. खरे कारण वजनाचे असते. एकाच बाजूला भार आला तर चाक नीट फिरत नाही आणि यंत्रावर ताण येतो. पण कारण कोणी सांगत नाही, म्हणून रांगेत कुरकुर होते.

मोठ्या थीम पार्कमध्ये यंत्र बदलते, पैसा बदलतो, पण प्रश्न हेच राहतात: माणसे किती वेगाने बसतात, आणि ज्यांना थांबावे लागते त्यांना कारण कळते का?

बसण्याचा हिशेब

इमॅजिका २०१३ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाजवळ खोपोलीला सुरू झाले. तिथला 'नायट्रो' हा मोठा रोलर कोस्टर आहे. त्यात एका ओळीत चार जण बसतात आणि पाय अधांतरी राहतात. अशा राइडचा हिशेब बँकेच्या माणसाला आवडेल असा सरळ आहे.

समजा, एका गाडीत २८ आसने आहेत आणि दर दोन मिनिटांनी गाडी सुटते. तासाला ३० फेऱ्या म्हणजे ८४० माणसे. आपल्या पुढे ४२० जण असतील तर अर्ध्या तासात नंबर लागेल. आता गाडी दोनऐवजी तीन मिनिटांनी सुटू लागली असे धरा. तासाला २० फेऱ्या, ५६० माणसे. रांग तेवढीच, पण थांबणे ४५ मिनिटांचे झाले. शेवटच्या माणसाची पंधरा मिनिटे त्या एका मिनिटाने खाल्ली.

हा एक मिनिट कुठे जातो? बहुतेक वेळा तो आपल्यासारख्यांकडेच जातो. कोणाच्या खिशात मोबाइल राहिलेला असतो, कोणाच्या चपला काढायच्या असतात, कोणाची पर्स ठेवायची असते. कोणी बसल्यावर म्हणतो, 'मला हिच्याजवळ बसायचे आहे.' कर्मचारी प्रत्येक आसनाचा दांडा आणि पट्टा हाताने ओढून पाहतो. तो वेळ वाया गेलेला नाही, आपल्या जिवाची ती तपासणी आहे, आणि तिथे घाई करा असे कोणी म्हणू नये. वेळ वाचवायचा तर तपासणीच्या आधीच्या गोंधळात वाचवावा.

रिकामी आसने हे दुसरे कारण. चारच्या ओळीत तिघांचे कुटुंब बसले की एक जागा रिकामी सुटते. २८ पैकी चार जागा रोज अशा गेल्या, तर सात फेऱ्यांत सहा फेऱ्यांचेच काम होते. म्हणून जगातील अनेक उद्यानांत एकट्याने बसायला तयार असणाऱ्यांची वेगळी रांग असते. त्यांना रिकाम्या जागी बसवतात. त्यांचा नंबर लवकर लागतो आणि बाकीच्यांचे काहीच जात नाही.

सगळ्या राइडची रांग सारखी चालत नाही, हेही लक्षात ठेवावे. 'राजासॉरस'सारख्या होड्यांच्या राइडमध्ये होडीमागून होडी येते आणि रांग थोडी थोडी सरकत राहते. 'आय फॉर इंडिया' ही पडद्यासमोर बसून भारतदर्शन घडवणारी राइड नाट्यगृहासारखी आहे. एक खेळ संपला की सगळा गट आत जातो. तोपर्यंत रांग जागची हलत नाही आणि मग एकदम बरीच पुढे जाते. हे माहीत नसलेला माणूस दहा मिनिटांत 'इथे काही खरे नाही' म्हणून निघून जातो, आणि तेव्हाच दार उघडते.

घड्याळातली वेळ आणि मनातली वेळ

रांगेचे गणित जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एरलांग यांनी १९०९ साली त्यावर पहिला महत्त्वाचा लेख लिहिला. एका वेळी किती फोन येतील आणि किती लाइन लागतील, असा त्यांचा प्रश्न होता. पण रांगेतल्या माणसाच्या मनाचा विचार बराच नंतर झाला. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली त्यावर लिहिलेला लेख आजही वाचला जातो. त्यातल्या गोष्टी आपल्या अनुभवाशी जुळतात. रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो. किती थांबायचे हे माहीत नसले की लांब वाटतो. कारण न सांगता थांबवले की लांब वाटतो. एकट्याने थांबणे सोबतीने थांबण्यापेक्षा लांब वाटते. आणि आपल्यामागून आलेला पुढे गेला की सगळ्यात लांब वाटतो.

थीम पार्कवाले हे जाणतात. म्हणून रांग सरळ न ठेवता कठडे लावून नागमोडी फिरवतात. त्यामुळे जागा कमी लागते, माणूस सतत चालत राहतो आणि घुसखोरीही अवघड होते. रांगेच्या वाटेवरच गोष्टीतले चित्र, आवाज, अंधार, जुना वाडा असे काही उभे करतात, म्हणजे राइड रांगेतच सुरू झाल्यासारखी वाटते. 'येथून ४५ मिनिटे' असा फलक असतो. काही ठिकाणी तो आकडा मुद्दाम थोडा वाढवून लिहितात, म्हणजे चाळीस मिनिटांत पोचलेल्याला पाच मिनिटे मिळाल्याचा आनंद होतो.

बँकेत आमच्याकडे पितळेचे टोकन असायचे. टोकन हातात आले की माणूस बाकावर बसायचा, शेजाऱ्याशी बोलायचा. काम तेवढ्याच वेळात व्हायचे, पण आपला नंबर कोणी हिरावणार नाही ही खात्री त्या टोकनात होती. तिरुपतीला जाऊन आलेल्यांना तिथल्या वैकुंठम संकुलाचे दालन आठवेल. तिथे भाविकांना तासन्‌तास उभे न ठेवता दालनात बसवतात आणि पाळीने सोडतात. विचार तोच आहे.

पैसे देऊन पुढे

आता जरा नाजूक विषय. अमेरिकेतील डिस्ने उद्यानांनी १९९९ साली 'फास्टपास' आणला. ठरावीक वेळेची चिठ्ठी घ्यायची, दुसरीकडे फिरायचे आणि त्या वेळी यायचे. तो तिकिटातच होता, वेगळे पैसे नव्हते. २०२१ मध्ये तो बंद झाला आणि त्याची जागा पैसे देऊन घ्यायच्या सोयीने घेतली. इमॅजिकातही जास्त पैशांचे 'एक्सप्रेस' तिकीट असते.

व्यवहार म्हणून त्यात गैर काही नाही. रेल्वेतही तत्काळ असतेच. पण आकड्यांत पाहा. २८ पैकी १४ आसने दर फेरीला एक्सप्रेसवाल्यांना गेली, तर साध्या रांगेसाठी तासाला ८४० ऐवजी ४२० जागा उरतात. अर्ध्या तासाचे थांबणे एक तासाचे होते. म्हणजे ज्याने जास्त पैसे दिले त्याने वेळ निर्माण केला नाही. तो दुसऱ्याचा घेतला.

आपल्यापुरता प्रश्न आणखी जवळचा आहे. आपल्या मंडळात खाणीत कामाला असलेली कुटुंबे आहेत, शिक्षक आहेत, दुकानदार आहेत, आमच्यासारखे पेन्शनर आहेत. सर्वांची ऐपत सारखी नाही. दहा कुटुंबांनी मिळून जावे आणि तिथे चार कुटुंबांनी एक्सप्रेस तिकीट घ्यावे, म्हणजे सकाळी दहालाच सहल दोन तुकड्यांत फुटते. एका घरची मुले दुपारपर्यंत सहा राइड करून येतात, दुसऱ्या घरची दोन. मुले बोलत नाहीत, पण पाहतात. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, मंडळ म्हणून गेलो तर सर्वांनी एकच तिकीट घ्यावे. ज्याला एक्सप्रेसने जायचे आहे त्याने आपल्या घरच्यांसोबत वेगळे जावे; त्यात कमीपणा काही नाही.

आणि पैसे न देता पुढे जाण्याची आपली जुनी पद्धतही सोडावी. एकाने रांगेत उभे राहायचे आणि नंबर जवळ आला की मागून चौदा जणांनी 'आमचा माणूस पुढे आहे' म्हणत शिरायचे, हे रेशनच्या दुकानापासून चालत आले आहे. मागच्यांचा हिशेब त्यामुळे एका माणसाऐवजी पंधरांनी चुकतो.

दारापाशी होणारी निराशा

रांगेतले सर्वांत मोठे दुःख आम्ही एका उद्यानात पाहिले. पाऊण तास उभे राहून एक मुलगा दारापाशी पोचला. कर्मचाऱ्याने त्याला उंचीच्या पट्टीजवळ उभे केले आणि 'नाही' म्हटले. त्याची ताई आत गेली. तो आजोबांचा हात धरून बाहेर आला आणि संध्याकाळपर्यंत बोलला नाही. कर्मचाऱ्याचे बरोबर होते. आसनाचा दांडा ठरावीक उंचीच्या अंगासाठीच बनवलेला असतो, लहान अंग त्यातून निसटू शकते. पण ती पट्टी रांगेच्या तोंडाशीही असती आणि पालकांनी घरी उंची मोजली असती, तर ते पाऊण तास वाचले असते.

ज्यांना बसायचेच नाही, त्यांची रांग तर कोणी मोजतच नाही. गुडघेदुखीच्या आजी, मधुमेहाचे आजोबा, लहान बाळाची आई. ही मंडळी सगळ्यांच्या पिशव्या, चपला आणि मोबाइल सांभाळत उन्हात बसतात. मुलांची रांग निदान पुढे सरकते. यांना तर नंबरही नसतो. मेस्टर यांच्या सगळ्या गोष्टी इथे एकत्र येतात: रिकामा वेळ, अनिश्चित वेळ, एकट्याने काढलेला वेळ. सहलीचा विचार करताना आधी यांचा करावा.

शेवटची रांग

मुंबईच्या गोराईला १९८९ साली सुरू झालेले एस्सेलवर्ल्ड आता बंद आहे, पण जुन्या लोकांना तिथली बोट आठवत असेल. खाडी ओलांडून जायचे आणि बोटीनेच परत यायचे. दिवसाची पहिली रांग बोटीची आणि शेवटचीही बोटीची. माणूस दिवसाची आठवण सरासरी काढून ठेवत नाही. सगळ्यात मोठा क्षण आणि शेवट हे जास्त लक्षात राहतात. म्हणून शेवट दमवणारा ठेवू नये. बंद होण्याच्या वेळेपर्यंत न रेंगाळता अर्धा-पाऊण तास आधी निघावे.

निघण्यापूर्वी आणि तिथे पोचल्यावर

१. मुलांची उंची घरी मोजा आणि उद्यानाच्या संकेतस्थळावरील अटींशी ताडून पाहा. जी राइड मिळणार नाही ती मुलाला घरीच सांगा.

२. शक्यतो शनिवार-रविवार आणि सणाची सुट्टी टाळा. दार उघडताना पोचा आणि सर्वांत मोठी राइड आधी करा.

३. रांगेत शिरण्यापूर्वी पाच मिनिटे मोजा. पाच मिनिटांत ३० जण आत गेले आणि पुढे १५० असतील, तर २५ मिनिटे लागतील. फलक असो वा नसो, हा हिशेब चालतो.

४. खिसे रांगेतच रिकामे करा आणि कोण कोणाजवळ बसणार ते आधी ठरवा.

५. न बसणाऱ्यांसाठी सावलीची जागा ठरवा, परत येण्याची वेळ सांगा आणि पिशव्या सांभाळायला पाळी लावा. लहान बाळ असेल तर आई-वडिलांनी आळीपाळीने बसण्याची सोय आहे का, ते दारावर विचारा.

हाच विचार आपल्या घरच्या कार्यक्रमांनाही लागू आहे. गणेशोत्सवाच्या महाप्रसादाला आणि आनंद मेळाव्याच्या कुपनांना आपल्याकडेही रांग लागते. तिथे चार खिडक्यांपुढे चार रांगा न लावता एकच रांग लावून रिकाम्या खिडकीकडे माणूस पाठवला, तर कोणाचे नशीब फुटत नाही. वाढायला उशीर होत असेल तर कारण मोठ्याने सांगावे: 'भात उतरतो आहे, दहा मिनिटे.' आणि ज्येष्ठांसाठी दहा खुर्च्या रांगेजवळच ठेवाव्यात. एवढ्याला खर्च काही येत नाही, येत्या कार्यक्रमापासून सुरू करता येईल.