बाण उलटाही फिरतो

नेट-सेटसाठी हा नकाशा तुम्ही पाठ केलाच असेल. ईजीएफ हा ग्रोथ फॅक्टर पेशीबाहेर येतो, ईजीएफआर या रिसेप्टरला चिकटतो, मग आत रॅस, रॅफ, मेक, ईआरके आणि शेवटी पेशीविभाजन. सगळे बाण वरून खाली. परीक्षेला एवढं पुरतं, लॅबमध्ये नाही. का ते सांगते.

मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात सुमारे निम्म्या रुग्णांमध्ये बीआरएएफ (रॅफचाच एक प्रकार) बिघडलेलं असतं. बहुतेकदा बिघाड एकच: ६०० व्या जागी व्हॅलिनऐवजी ग्लुटामेट. त्यामुळे ते कायम चालू राहतं. ते बंद करणारं वेमुराफेनिब २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि कित्येकांच्या गाठी भराभर आक्रसल्या. अगदी हाच बिघाड मोठ्या आतड्याच्या काही कर्करोगांतही सापडतो. नकाशाप्रमाणे औषध तिथंही चालायला हवं. पण बहुतेक रुग्णांना काहीच उपयोग झाला नाही!

२०१२ मध्ये रेने बर्नार्ड्स यांच्या ॲमस्टरडॅममधल्या गटाने याचं कारण 'नेचर'मध्ये मांडलं. आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींत त्यांनी एकेका कायनेजचं जनुक दाबलं, वर बीआरएएफवरचं औषध घातलं आणि पाहिलं, की काय दाबल्यावर पेशी औषधापुढे हरतात? उत्तर आलं ईजीएफआर. म्हणजे नकाशात सगळ्यात वर बसलेला!

झालं असं, की खालची साखळी जोरात चालू असते तेव्हा ती वरच्या ईजीएफआरला दाबून ठेवते. औषधाने बीआरएएफ बंद केलं की हा दाब सुटतो, ईजीएफआर जागा होतो आणि सिग्नल दुसऱ्या वाटेनं पुन्हा सुरू होतो. मेलानोमाच्या पेशींत ईजीएफआर मुळातच कमी असतो, म्हणून तिथं ही पळवाट नव्हती. आतड्याच्या या कर्करोगासाठी बीआरएएफ रोखणारं एन्कोराफेनिब आणि ईजीएफआर रोखणारं सेटुक्सिमॅब ही जोडी २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झाली.

तेव्हा इनहिबिटर वापरलात की त्याच्या खालचंच नव्हे, वरचं प्रथिनही मोजा. दुसऱ्याच्या सेल लाइनमधला बाण आपल्या पेशींत आहे असं धरून चालू नका. आणि वेळा जपून निवडा. मी पहिल्या प्रयोगात पेशी सीरमशिवाय रात्रभर ठेवल्या, ईजीएफ दिलं आणि फक्त ० आणि ६० मिनिटांना नमुने घेतले. फॉस्फो-ईआरकेचे दोन्ही बँड सारखेच फिके. ईजीएफ खराब आहे म्हणून मी नवीन मागवायला निघाले होते. पुढच्या वेळी २, ५, १०, ३० मिनिटं घेतली, तर पाचव्या मिनिटाला बँड काळाकुट्ट! तासाभरात तो उतरलेलाही होता, आणि उतरण्यामागे पुन्हा असलेच उलटे बाण.

हो, टोटल ईआरकेचा ब्लॉट विसरू नका. गाइड आधी तोच मागतात.