चेटकिणीच्या हाती कॅमेरा नसतो

आज आपण भुताच्या सिनेमांविषयी बोलणार आहोत. हसू नका, विषय आपल्याच गावातला आहे.

भुताच्या सिनेमांचा एक प्रकार असा असतो, की सगळं चित्रण त्यातल्या पात्रांनीच केलं, पुढे ती माणसं नाहीशी झाली आणि त्यांची टेप कुणाला तरी सापडली, असं भासवतात. चित्र हलतं, अंधारात धड दिसत नाही, म्हणून ते खरंच घडलंय असं वाटतं. पण तोही सिनेमाच, नटनट्यांनी केलेला. १९९९ साली अमेरिकेत आलेल्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’मुळे हा प्रकार जगभर गाजला. यातल्या ‘विच’ शब्दाचा अर्थ चेटकीण. तिच्यावर माहितीपट करायला तिघं तरुण जंगलात जातात. गावकरी तिच्याबद्दल बोलतात, ते तिघंही बोलतात. ती मात्र शेवटपर्यंत एकदाही दिसत नाही, की बोलत नाही.

आपल्याकडे २०११ साली पवन कृपलानी यांनी दिग्दर्शित केलेला ‘रागिनी एमएमएस’ हा हिंदी सिनेमा आला. तो मोठ्यांसाठीचा आहे, मुलांसोबत बघायचा नाही. त्यात एक तरुण रागिनीला शहराबाहेरच्या घरी नेतो. तिला न सांगता तिथे कॅमेरे लावलेले असतात. त्या घरात एका बाईचं भूत असतं आणि ते मराठी बोलतं. मी चेटकीण नाही, हेच ती सांगत असते.

आता बघा, या गोष्टीत बाया दोन. एकीचं चित्रण तिच्या नकळत होतं. दुसरीला लोकांनी चेटकीण ठरवलं. कॅमेरा दोघींच्याही हाती नाही. आणि आपली मराठी ऐकू येते ती भुताच्या तोंडून, प्रेक्षकाला घाबरवण्यासाठी! ती काय म्हणते याकडे किती जणांचं लक्ष जात असेल?

सिनेमातलं भूत दोन तासांत संपतं. गावात तसं होत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात ऑगस्ट २०२१ मध्ये जादूटोण्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या सात जणांना बांधून मारहाण झाली. त्यांत म्हाताऱ्या बायाही होत्या. कुणाचं मूल आजारी पडतं, कुणाची गाय आटते, कुठे जमिनीचा वाद असतो, आणि बोट दाखवलं जातं ते एकट्या, गरीब, विधवा बाईकडे. तिच्याबद्दल सगळं गाव बोलतं. तिला कोण विचारतं?

याविरुद्ध आपल्याकडे कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी अनेक वर्षं लढा दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर लगेच सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये इथे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. एखादी बाई करणी करते, तिच्यामुळे रोगराई येते, असं सांगून तिच्याविषयी संशय पसरवणं आणि तिचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, शिवाय पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. हा गुन्हा अजामीनपात्र आहे.

म्हणून गटातल्या बायांनी तीन गोष्टी ठरवाव्यात असं आम्हाला वाटतं. कुणाबद्दल कुजबुज सुरू झाली, की दोघी-तिघींनी आधी तिच्या घरी जाऊन तिचं म्हणणं ऐकावं. धमकी किंवा मारहाण झाली तर ११२ वर फोन करावा, आणि तक्रार द्यायला तिला एकटीला पाठवू नये. मूल आजारी असेल तर आशाताईंना बोलवावं, मांत्रिकाला नाही.

पुढच्या बैठकीत यावर बोला: आपल्या गावात कुणाला अशी नावं ठेवली जातात? ती स्वतः काय म्हणते, हे आपल्यापैकी कुणी ऐकलंय का?