मेमरी कार्ड किती वर्षे टिकते?
फोटोग्राफर बंधूंसाठी उपयुक्त माहिती

सिद्धेश्वर, औंढा नागनाथ परिसरात लग्नसराई सुरू झाली की फोटोग्राफरला उसंत नसते. कॅमेरा बिघडला तर भाड्याने मिळतो. पण कार्ड दगावले तर निकाहाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत. म्हणून टपाल तिकिटाएवढ्या या वस्तूचे आयुष्य जाणून घेणे धंद्याच्या दृष्टीने गरजेचे आहे.

आज सर्वत्र दिसणारे एसडी कार्ड १९९९ साली जाहीर झाले. त्यातील चिपमध्ये फोटो विजेच्या भाराच्या रूपाने साठतो. दर वेळी पुसून नव्याने लिहिताना आतला विद्युतरोधक थर थोडा झिजतो. जुन्या पद्धतीच्या महागड्या चिपा सुमारे १ लाख वेळा पुसणे सोसत; आजच्या स्वस्त चिपा साधारण हजाराच्या आसपास. फोटो नुसते पाहिल्याने मात्र झीज जवळजवळ होत नाही.

हिशेब सोपा आहे. फक्त ५०० वेळा धरले आणि वर्षात १०० वेळा कार्ड पूर्ण भरून पुसले, तरी ते ५ वर्षे चालेल. मग कार्डे आधीच का जातात? फोटो लिहिला जात असताना ओढून काढणे, मळलेले संपर्कबिंदू आणि नकली माल ही मुख्य कारणे. नकली कार्डावर १२८ जीबी छापलेले असते, आत असतात ८. ते भरले की पुढचे फोटो हाती लागत नाहीत.

तेव्हा एवढे करावे. पक्के बिल घ्यावे. नवे कार्ड एकदा संगणकावर काठोकाठ भरून सर्व फाइली उघडतात का, ते पाहावे. फॉर्मॅट कॅमेऱ्यातच करावे. मराठवाड्याच्या उन्हात बंद गाडीत कार्ड ठेवू नये. उष्णतेने साठवलेला भार लवकर गळतो. चुकून फोटो पुसले गेले तर त्या कार्डावर नवा फोटो काढू नये. परत मिळण्याची आशा राहते.

कार्ड म्हणजे तिजोरी नव्हे. त्याच रात्री दोन ठिकाणी प्रती कराव्यात आणि मगच कार्ड पुसावे. वॉरंटीत कंपनी फार तर नवे कार्ड देईल, फोटो देणार नाही. ग्राहकाने सोपवलेली ती अमानत आहे. ती सांभाळली तरच पुढचे काम दाराशी येते.