नवोदित आकाशनिरीक्षक आणि स्वस्त नेत्रिका : अमरावती-अकोला परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक :

दुर्बीण खरेदी करताना ग्राहकाचे सारे लक्ष वस्तुभिंगाकडे किंवा आरशाकडे असते. डोळ्याजवळच्या टोकाला बसणारी नेत्रिका ही दुर्बिणीबरोबर आपोआप मिळणारी किरकोळ वस्तू समजली जाते. वस्तुतः वस्तुभिंगाने तयार केलेली प्रतिमा मोठी करून डोळ्यापर्यंत पोहोचविण्याचे काम नेत्रिकेचेच असते. वऱ्हाडातील महाविद्यालयांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ छंदाचा नाही. भौतिकशास्त्र विभाग किंवा विज्ञान मंडळ मर्यादित निधीतून बहुधा एकच दुर्बीण घेते. पहिल्याच आकाशदर्शनात विद्यार्थ्यांना अंधूक, थरथरणारा ठिपका दिसला, तर दुसऱ्या रात्री गच्चीवर फारसे कोणी येत नाही आणि दुर्बीण कपाटात जाते. नवोदिताने स्वस्त नेत्रिका घ्याव्यात काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात प्रकाशशास्त्राच्या आणि येथील आकाशाच्या आधारे केला आहे.

नेत्रिकेचे प्रकार आणि वर्धनाचा मोह :

हायगेन्स व राम्सडेन या दोन नेत्रिका विज्ञान शाखेच्या अध्यापकांना पाठ्यपुस्तकांतून परिचित आहेत. क्रिस्टियान हायगेन्स याने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन साध्या भिंगांमध्ये योग्य अंतर ठेवून रंगदोष बराच कमी करता येतो हे दाखविले. राम्सडेनची रचना १७८२ च्या सुमाराची असून वर्णपटमापीच्या दुर्बिणीत ती आजही भेटते. पुढे १८४९ मध्ये केलनरने तीन भिंगांची आणि १८६० मध्ये प्लोस्लने चार भिंगांची नेत्रिका तयार केली. आज बाजारात ‘स्वस्त’ या एकाच विशेषणाखाली हायगेन्स, केलनर व प्लोस्ल या तिन्ही प्रकारच्या नेत्रिका विकल्या जातात. गोंधळाचे मूळ येथेच आहे.

दुर्बिणीचे वर्धन म्हणजे वस्तुभिंगाचे नाभीय अंतर भागिले नेत्रिकेचे नाभीय अंतर. ६० मिलिमीटर व्यासाच्या व ७०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीबरोबर अनेकदा २० व ४ मिलिमीटरच्या नेत्रिका आणि वर्धन तिप्पट करणारे एक प्लास्टिकचे बार्लो भिंग दिलेले असते. ७०० भागिले ४ म्हणजे १७५. त्याची तिप्पट ५२५. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला ‘५२५ पट’ हा आकडा असा तयार होतो. गणित चुकीचे नाही, परंतु त्याला अर्थ नाही. उपयुक्त वर्धनाची मर्यादा मिलिमीटरमधील व्यासाच्या साधारण दुप्पट असते. म्हणजे या दुर्बिणीसाठी १२० पट. त्यापुढे प्रतिमा फक्त मोठी व फिकट होत जाते, नवा तपशील मिळत नाही. ५२५ पट वर्धनाला नेत्रिकेतून बाहेर पडणारी प्रकाशशलाका जेमतेम ०.११ मिलिमीटर जाडीची उरते.

याच संचातील २० मिलिमीटरची हायगेन्स नेत्रिका मात्र टाकाऊ नाही. तिने ३५ पट वर्धन मिळते. चंद्रावरील विवरे, गुरूचे चार मोठे उपग्रह व कृत्तिकेतील प्रमुख तारे तिच्यातून व्यवस्थित दिसतात. हायगेन्सने २५ मार्च १६५५ रोजी शनीचा टायटन हा उपग्रह शोधला तो सुमारे ५० पट वर्धनाच्या दुर्बिणीने, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. दोष स्वस्तपणाचा नसून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या अवाजवी वर्धनाचा आहे. ४ मिलिमीटरच्या नेत्रिकेचे भिंग इतके लहान असते, की डोळा त्याला जवळजवळ चिकटवावा लागतो. तिचे दृश्य क्षेत्र ३० अंश धरले, तर आकाशाचा केवळ १० कलांचा तुकडा दिसतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा एका मिनिटात १५ कला सरकतो. म्हणजे ४० सेकंदांत तो क्षेत्राबाहेर. चाळीस विद्यार्थ्यांची रांग उभी असताना प्रत्येकासाठी दुर्बीण पुन्हा लावण्यात अध्यापकाची रात्र जाते. विद्यार्थ्याला काही दिसलेच नाही तर तो बहुधा तसे सांगत नाही. ‘दिसले सर’ म्हणून पुढे सरकतो.

स्वस्त नेत्रिका कोणत्या दुर्बिणीला चालते? :

याचे उत्तर किमतीपेक्षा दुर्बिणीच्या नाभीय गुणोत्तरावर, म्हणजे नाभीय अंतर व व्यास यांच्या गुणोत्तरावर अधिक अवलंबून आहे. वरील दुर्बिणीचे गुणोत्तर ११.७ आहे. तिच्यातून येणारा प्रकाशशंकू निमुळता असल्याने साध्या नेत्रिकेचे दोष फारसे उघडे पडत नाहीत. याउलट १३० मिलिमीटर व्यास व ६५० मिलिमीटर नाभीय अंतर असलेल्या परावर्ती दुर्बिणीचे गुणोत्तर ५ आहे. तिचा प्रकाशशंकू पसरट असतो आणि हायगेन्स नेत्रिका तेथे तग धरत नाही. केलनर मध्यभागी बरी, प्लोस्ल बऱ्यापैकी. ‘विस्तृत दृष्टिक्षेत्र’ असे लिहिलेल्या अल्पकिमती नेत्रिका अशा दुर्बिणीवर मध्यभाग सोडून सर्वत्र ताऱ्यांना शेपट्या लावतात. ८० अंशांहून अधिक क्षेत्राच्या उंची नेत्रिका हे दोष आवरतात, पण त्यांतील एकीच्या किमतीत दुसरी प्रारंभिक दुर्बीण येऊ शकते. नवोदिताने त्या मार्गाला जाण्याचे कारण नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक दोष नेत्रिकेचा नसतो. वर सांगितलेल्या परावर्ती दुर्बिणीत कडेचे तारे धूमकेतूसारखे ओढलेले दिसतात, त्यात मुख्य आरशाचाही वाटा असतो. कसोटी सोपी आहे. तेजस्वी तारा क्षेत्राच्या अगदी मध्यभागी आणावा. तेथेही तो बिघडलेला दिसत असेल, तर आधी आरशांची जुळवणी तपासावी. नेत्रिका तिच्या नळीत गोल फिरवावी. दोष तिच्याबरोबर फिरला तर तो तिचा, स्थिर राहिला तर दुर्बिणीचा किंवा निरीक्षकाच्या डोळ्याचा. कधी दोष कोणाचाच नसतो. मार्च २०२५ मध्ये शनीचे कडे पृथ्वीच्या सापेक्ष कडेवर आले होते आणि त्यानंतरच्या महिन्यांत ते बारीक रेघेसारखे दिसत होते. पाठ्यपुस्तकातील चित्राप्रमाणे रुंद कडे दिसेना, याचा दोष त्या काळात नेत्रिकेवर टाकणे अन्यायाचे ठरले असते.

वऱ्हाडचे आकाश :

अमरावती सुमारे २०.९ आणि अकोला २०.७ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे ग्रह मध्यमंडलावर येताना क्षितिजापासून साधारण ४५ अंशांहून अधिक उंच असतात, कधी थेट माथ्यावर. उत्तर युरोपातील निरीक्षकाला हे सुख नाही. मात्र माथ्यावरचा ग्रह सरळ नेत्रिकेतून पाहताना मानेचे हाल होतात. म्हणून वस्तुभिंगाच्या दुर्बिणीसाठी काटकोनी आरसा किंवा लोलक चांगला असणे हे महागड्या नेत्रिकेपेक्षा अधिक निकडीचे आहे. दक्षिणेकडील लाभही मोठा आहे. लंडनहून कधीच न उगवणारा ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ अमरावतीहून मे महिन्याच्या रात्री दक्षिण क्षितिजावर २१ अंशांपर्यंत चढतो. पूर्णचंद्राहून मोठा दिसणारा हा गुच्छ पाहण्यास २५ मिलिमीटरची साधी प्लोस्ल पुरते. अधिक वर्धनाने तो क्षेत्राबाहेर सांडतो.

उन्हाळ्यात येथील तापमान ४४-४५ अंशांपर्यंत जाते आणि सिमेंटचा स्लॅब मध्यरात्रीनंतरही उष्णता सोडत राहतो. त्या वर उठणाऱ्या हवेतून १५० पट वर्धनाने गुरू पाहणे म्हणजे उकळत्या पाण्याच्या तळाशी पडलेले नाणे पाहणे होय. जगातील सर्वोत्तम नेत्रिकाही यावर उपाय नाही. गच्चीऐवजी मैदानातील हिरवळीवर दुर्बीण लावणे हा आहे. शहरी प्रकाशाचेही तसेच. नागपूर विभागातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. वऱ्हाडकरांना त्याहून जवळ, सुमारे अकराशे मीटर उंचीवरचे चिखलदरा आहे. दुसऱ्या नेत्रिकेवरील खर्चाऐवजी परतवाड्यामार्गे चिखलदऱ्याला विद्यार्थ्यांची एक मुक्कामी सहल काढली, तर तेजोमेघ व दीर्घिका पाहण्यास तिचा उपयोग निःसंशय अधिक होईल.

खरेदीविषयी :

महाविद्यालयात खरेदी दरपत्रके मागवून होते आणि सर्वसाधारणपणे किमान दराचा पुरवठादार निवडला जातो. मागणीपत्रात ‘दुर्बीण, वर्धन ५०० पट’ एवढेच लिहिले, तर नियमाप्रमाणे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निरुपयोगी संच पदरात पडतो. तेथे वर्धनाचा उल्लेखच नसावा. वस्तुभिंगाचा वा आरशाचा व्यास व नाभीय अंतर, तिवईची मजबुती, आणि नेत्रिकेच्या नळीचा व्यास ३१.७ मिलिमीटर या गोष्टी लिहाव्यात. २४.५ मिलिमीटरची जुनी अरुंद नळी असलेली दुर्बीण घेतल्यास पुढे चांगल्या नेत्रिका सहज बसविता येत नाहीत. दुर्बिणीसोबत केलनर वर्गातील २५ व १० मिलिमीटरच्या नेत्रिका आल्यास प्रारंभ त्यांनीच करावा. काही महिन्यांनंतर एक २५ ते ३२ मिलिमीटरची आणि एक दुर्बिणीला सुमारे १०० पट वर्धन देणारी अशा दोन प्लोस्ल घेतल्या, की पदवी स्तरावरील बहुतेक गरज भागते. दहा-बारा नेत्रिकांची एकत्रित पेटी आकर्षक दिसते, परंतु तिच्यातील निम्म्या वापरल्या जात नाहीत.

भिंगांवरील लेपनाची खात्री खरेदीपूर्वीच करावी. लेपन नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. चार पृष्ठभागांत ही हानी १५ टक्क्यांपर्यंत जाते आणि तोच प्रकाश आत भटकून प्रतिमेवर धुके आणतो. नेत्रिका ट्यूबलाइटखाली तिरपी धरावी. प्रतिबिंबे निळसर-जांभळी किंवा हिरवट दिसली तर लेपन आहे; सर्व पांढरीशुभ्र असतील तर नाही. चष्मा असलेल्यांनी घाबरू नये : केवळ जवळचा वा दूरचा नंबर असेल तर चष्मा काढून प्रतिमा स्पष्ट करून घेता येते, दृष्टिवैषम्य अधिक असल्यासच डोळ्यापासून दूर धरता येणारी नेत्रिका लागते.

एका वस्तूबाबत मात्र तडजोड नाही. काही स्वस्त संचांत नेत्रिकेला लावायची काळी ‘सूर्य’ काच असते. एकवटलेल्या उष्णतेने ती निरीक्षण चालू असतानाच तडकू शकते आणि डोळा कायमचा जातो. ती काच संच उघडताच फोडून टाकावी. सूर्य पाहायचाच, तर गाळक दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, संपूर्ण व्यास झाकणारा असावा.

सार्वजनिक आकाशदर्शनात बोटांचे ठसे, पापण्यांचा तेलकटपणा व काजळ नेत्रिकेवर येणारच. अशा कार्यक्रमांसाठी साधी नेत्रिकाच योग्य. ती खराब झाल्याचे दुःख होत नाही आणि मुलांना ‘हात लावू नका’ असे ओरडावे लागत नाही. पुसण्यापूर्वी रबरी फुग्याने धूळ उडवावी, कारण पायनघाटातील उन्हाळी धूळ भिंगावर घासली गेली तर ओरखडे कायमचे राहतात. जून ते सप्टेंबर या काळात नेत्रिका सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवाव्यात. बंद लाकडी कपाटातील दमटपणाने भिंगांवर बुरशीचे जाळे धरते, आणि ते लेपन खाऊन टाकते.