एका बैठकीवरून अनेक संगणकांचा कारभार

डिचोलीतील एखाद्या कुटुंबास आपल्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा पाहावयाचा असेल, तर तो हल्ली घरबसल्या संगणकावर पाहता येतो. बँकेतील ठेव आणि मुलांचे निकाल यांचीही तीच गोष्ट. ही माहिती ज्या यंत्रांत साठविलेली असते त्यांस सर्व्हर म्हणतात. अहोरात्र चालू राहून इतर संगणकांच्या मागण्या पुरविणारा संगणक, एवढाच त्याचा अर्थ. त्यांची देखभाल कशी होते, हे जाणून घेणे म्हणूनच आपणां सर्वांस अगत्याचे आहे.

सर्व्हरच्या खोलीत १९ इंच रुंदीची यंत्रे बसविण्याचे पोलादी सांगाडे असतात. एका मोठ्या सांगाड्यात बहुधा ४२ घरे असून प्रत्येक घर पावणेदोन इंच उंचीचे असते. इतक्या यंत्रांस स्वतंत्र पडदा, कीबोर्ड आणि माऊस जोडू म्हटले, तर जागा पुरणार नाही, आणि वीज खर्च होऊन खोली तापेल ती वेगळीच. यावर तोड म्हणून 'केव्हीएम स्विच' नावाची पेटी वापरतात. कीबोर्ड, व्हिडिओ व माऊस यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडले. सर्व यंत्रांच्या तारा या पेटीत येतात आणि पलीकडे पडदा, कीबोर्ड व माऊस प्रत्येकी एकच असतो. बटण दाबले की हवे ते यंत्र समोर येते. बाकीच्यांचे काम मात्र खंड न पडता चालूच राहते.

तारा फार लांबविल्या तर पडद्यावरील चित्र पुसट होते. म्हणून नव्या पेट्या चित्राचे अंकांत रूपांतर करून ते नेटवर्कवरून दूर पाठवितात. आषाढाच्या पावसात मध्यरात्री यंत्र अडले, तरी चालकास घरूनच ते पाहता येते. विशेष हे की, यंत्राची मूळ कार्यप्रणाली बंद पडली असली तरीही हा मार्ग खुला राहतो.

एका जागेवरून अनेकांस चालविण्याचे भव्य उदाहरण जुन्नर तालुक्यातील खोडद येथे आहे. तेथील रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. काचतंतूंच्या तारांतून आज्ञा पाठवून त्या एकाच नियंत्रण कक्षातून फिरविल्या जातात.

परंतु सोय मोठी तशी जोखीमही मोठी. चालकास वाटावे आपण तिसरे यंत्र बंद करीत आहोत, आणि बंद व्हावे चौथे! म्हणून प्रत्येक यंत्राचे नाव त्याच्या अंगावर व पडद्यावरही ठळक हवे. कारखान्यातून आलेला पासवर्ड प्रथम दिवशीच बदलावा. ही पेटी सार्वजनिक इंटरनेटवर उघडी न ठेवता वेगळ्या, बंदिस्त नेटवर्कवर ठेवावी, आणि कोण केव्हा आत शिरला याची नोंद राहावी. कारण जो या बैठकीवर बसला, त्याच्या हाती सर्व खोल्यांच्या किल्ल्या आल्या.

संस्थेच्या तिजोरीची किल्ली कोणाकडे आहे, हे आपण सभेत विचारतो. देणगीदारांची यादी व हिशेब आता संगणकात गेले आहेत; तेव्हा त्यांच्या किल्लीचीही विचारपूस तितक्याच काळजीने व्हावी. ती एकाच माणसाच्या स्मरणात नसावी, आणि कीबोर्डाखाली चिटोऱ्यावर लिहिलेली तर मुळीच नसावी.