घरगुती जलतरण तलाव: काटकसर आकारात करावी, बांधणीत नव्हे

एप्रिल-मे महिन्यांतील दमट उकाड्यात आपल्या परसात छोटासा जलतरण तलाव असावा, अशी इच्छा आता गोव्यातील मध्यमवर्गीय कुटुंबेही बाळगू लागली आहेत. मात्र हाताशी पैसा मर्यादित असला, की खर्चाला कात्री नेमकी कुठे लावायची, हा प्रश्न उभा राहतो. बहुतेकदा ती चुकीच्या ठिकाणी लागते. आकार मोठाच राहतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या कामात काटकसर होते.

खोलीचा हिशेब

6 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 1.2 मीटर खोल तलावात 21,600 लिटर पाणी मावते. खोली 1.8 मीटर केल्यास हेच प्रमाण 32,400 लिटर होते. वाढ केवळ पाण्याची नसते. खोली दीडपट झाली, की पाण्याचा भिंतीवरील एकूण भार सव्वादोन पट होतो. त्यामुळे खोदाई, लोखंड आणि काँक्रीट या तिन्हींचा खर्च चढतो. सूर मारायचा नसेल, तर छातीएवढे पाणी घरगुती वापराला पुरेसे असते. साधा आयताकृती आराखडाही वळणदार आकारापेक्षा स्वस्त पडतो.

जमिनीखालचे पाणी

गोव्यात खरा धोका पावसाळ्यात असतो. सखल भागात जमिनीखालील पाण्याची पातळी वर येते आणि रिकामी टाकी होडीप्रमाणे उचलली जाते. वरील मापाच्या तलावाचा तळ व भिंती 20 सेंटिमीटर जाडीच्या धरल्या, तर काँक्रीटचे वजन सुमारे 21 ते 22 टन भरते. भूजल काठापर्यंत आले, तर वर ढकलणारा जोर मात्र सुमारे 30 टनांचा असतो. म्हणून पावसाळ्यात तलाव कधीही रिकामा करू नये. सखल जागी तळाखाली खडीचा थर, निचऱ्याची नळी आणि दाब सोडणारा व्हॉल्व्ह बसवावा. शेजारच्या विहिरीची जुलैतील पातळी पाहिली, तरी जागेचा अंदाज येतो.

चिरा सच्छिद्र असतो. स्वस्त पडतो म्हणून केवळ चिऱ्याच्या भिंतींना गिलावा करून पाणी कोंडण्याचा मोह टाळावा. चिरा काठाच्या सजावटीस शोभतो. पाणी धरण्यासाठी लोखंडी सळ्यांचे काँक्रीटच हवे.

कामाचा क्रम

दिवाळीनंतर खोदाई सुरू करून मृगापूर्वी काम संपवणे इष्ट. तत्पूर्वी पंचायत वा पालिकेकडे परवान्याची चौकशी करावी. किनाऱ्यालगत किनारी नियमन क्षेत्राचे निर्बंधही लागू होऊ शकतात. लादी बसवण्याआधी टाकी भरून आठवडाभर ठेवावी. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवून दोन्हीकडील पातळीवर खूण करावी. बादलीपेक्षा तलावाची पातळी अधिक उतरली, तर गळती आहे असे समजावे.

पंप व फिल्टर असे निवडावेत, की सगळे पाणी सहा ते आठ तासांत एकदा गाळून निघेल. या तलावासाठी ताशी 2,700 ते 3,600 लिटरची क्षमता पुरते. अतिवृष्टीसाठी काठाजवळ जादा पाणी वाहून नेणारी नळी ठेवावी. 100 मिलिमीटर पावसाने पातळी 10 सेंटिमीटरने चढते.

जिथे तडजोड नाही

लहान मूल अगदी कमी पाण्यातही आवाज न करता बुडू शकते. त्यामुळे चहूबाजूंनी किमान 1.2 मीटर उंचीचे कुंपण आणि आपोआप मिटणारे फाटक हा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा. पंप व दिव्यांच्या वीजजोडणीला योग्य अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आवश्यक आहे.

बांधकाम संपले, तरी खर्च संपत नाही. उन्हाळ्यात पातळी दिवसाला 5 मिलिमीटर उतरली, तर रोज 90 लिटर पाणी भरावे लागते. क्लोरिन, वीज आणि साफसफाई वर्षभर चालू राहते. आम्ल व क्लोरिन कधीही एकत्र मिसळू नयेत. त्यातून विषारी वायू निघतो. हा मासिक खर्च झेपणारा नसेल, तर बांधकाम पुढे ढकलणेच शहाणपणाचे. निगा न राखलेला तलाव पहिल्याच पावसाळ्यात डासांचे आगर होतो आणि त्याचा ताप शेजाऱ्यांनाही होतो.