पायथॉन शिकताना : लिस्ट फोडायची, पण कुठवर?

मागच्या आठवड्यात आपण लिस्टच्या पोटात लिस्ट ठेवली. आज उलटं काम करायचं आहे: आतले कंस काढून सगळे घटक एका ओळीत आणायचे. प्रोग्रॅमर याला लिस्ट ‘फ्लॅटन करणं’ म्हणतात. पायथॉनमध्ये यासाठी तयार फंक्शन दिलेलं नाही, आणि माझ्या मते ते बरंच आहे.

ही लिस्ट पाहा: [['हवेली', 'मुळशी', 'खेड'], ['दापोली', 'खेड', 'चिपळूण']]. पहिल्या कंसात पुणे जिल्ह्यातले तालुके आहेत, दुसऱ्यात रत्नागिरीतले. रिकामी लिस्ट घ्या, बाहेरच्या लिस्टवर फॉर लूप फिरवा आणि आतली एकेक लिस्ट ‘एक्स्टेंड’ने तिला जोडत चला. काम झालं. लिस्ट कॉम्प्रिहेन्शनमध्ये हेच एका ओळीत बसतं. तिथे दोन ‘फॉर’ येतात आणि नवशिके हमखास त्यांचा क्रम चुकवतात. साध्या लूपमध्ये जो क्रम असतो तोच इथेही ठेवायचा, आधी जिल्हा आणि मग तालुका. डेटा मोठा असेल तर इटरटूल्समधलं ‘चेन.फ्रॉम_इटरेबल’ घ्या. ते नवी लिस्ट न बनवता, मागाल तसा एकेक घटक हातात देतं.

‘सम’ला रिकामी लिस्ट देऊन बेरीज करण्याची युक्ती मात्र टाळा. उत्तर बरोबर येतं, पण प्रत्येक बेरजेला नवी लिस्ट बनते आणि आधी जमलेलं सगळं पुन्हा तिच्यात उतरवलं जातं. प्रत्येकी 10 घटकांच्या 1000 लिस्ट असतील, तर 10 हजार घटकांसाठी सुमारे 50 लाख वेळा उतरवाउतरव होते.

आता आलेलं उत्तर नीट बघा. त्यात ‘खेड’ दोनदा आहे. पुण्याचं कुठलं आणि रत्नागिरीचं कुठलं? ते कंसांमुळे कळत होतं, आणि कंस आपण काढून टाकले. म्हणून सपाट करतानाच जिल्हा सोबत बांधून ('पुणे', 'खेड') असा ट्यूपल करावा. ही काळजी कुठलंही तयार फंक्शन तुमच्या वतीने घेणार नाही.

खोली ठाऊक नसेल तेव्हा रिकर्शन लागतं. एकेक घटक तपासायचा. लिस्ट असेल तर त्याच फंक्शनला पुन्हा हाक मारायची, नसेल तर घटक तसाच पुढे द्यायचा. पायथॉन 3.3 पासून मिळालेल्या ‘यील्ड फ्रॉम’मुळे हे फंक्शन चार-पाच ओळींत मावतं.

यातली ‘लिस्ट असेल तर’ ही अट सर्वांत महत्त्वाची. पुष्कळ जण तिच्याऐवजी ‘ज्यावर लूप फिरतो ते सगळं फोडा’ असं लिहितात आणि तिथेच फसतात. स्ट्रिंगवरही लूप फिरतो. 'पुणे' फोडलं की प, उकाराचं चिन्ह, ण आणि मात्रा असे चार तुकडे पडतात, कारण पायथॉन अक्षरं मोजत नाही, युनिकोडची चिन्हं मोजतो. पुढे तर आणखी बिकट. एकटा 'प' हीसुद्धा स्ट्रिंगच, आणि तो फोडला की पुन्हा 'प'च हाती येतो. फंक्शन स्वतःला हाका मारत राहतं आणि 1000 या ठरलेल्या मर्यादेला ‘रिकर्शनएरर’ देऊन थांबतं. आपण मुद्दाम बांधलेला ('पुणे', 'खेड') हा ट्यूपलही त्या तडाख्यात सुटा होतो. म्हणून ‘इझइन्स्टन्स’ने फक्त लिस्ट तपासा आणि बाकी कशालाही हात लावू नका. काय फोडायचं आणि काय अखंड ठेवायचं, हे तुमच्या डेटावर ठरतं. तयार फंक्शन नाही हे बरं, असं मी म्हटलं ते याचसाठी.

हजाराच्या आसपास खोल गेलेली लिस्ट आली तर तपासणी बरोबर असूनही हीच एरर येईल. तेव्हा रिकर्शन सोडून हाताने स्टॅक सांभाळायचा. तो पुढच्या भागात पाहू. तोवर आजचं फंक्शन कॉपी न करता स्वतः टाइप करा आणि [1, [2, [], [3, ['पुणे']]]] वर चालवून पाहा. उत्तर [1, 2, 3, 'पुणे'] असंच यायला हवं.